फुसका बार

मॉरवेनच्या शेडमध्ये ते कोपऱ्यात उभं होतं,
फळीला चार बोल्टांनी जखडलेलं.
हिरवा रंग, पण दांड्यावर जिथे युअर्टचा तळवा पडायचा
तिथे नुसतं लोखंड, घासलेल्या तव्यासारखं.
चाळीस डॉलर, ती म्हणाली. मग म्हणाली, तीस दे,
बोल्ट तूच काढ.

बोल्ट निघाले नाहीत. फळीच कापून आणली.
मताउराच्या पुलापर्यंत मागच्या सीटवर
पट्टा लावून बसलं होतं ते,
रुसलेल्या सासऱ्यासारखं.

फळीवर पेन्सिलीच्या रेघा:
चार उभ्या, एक आडवी, चार उभ्या, एक आडवी.
शेवटच्या जुडग्यात तीनच.
आणि यंत्राच्या मधल्या थांब्यावर
एक लाल काडतूस, अर्धं.
टोपी बसलेली, दारू भरलेली, छरे नाहीत.
फोन वाजला असेल. चहा झाला असेल.
किंवा ते दुसरं, जे मॉरवेन सांगत नाही.

क्लबातला रुआरी म्हणाला, ते मोड.
डब्यातली दारूही टाकून दे.
पाऊण डबा आहे, मी म्हटलं,
लेबलवर युअर्टचंच अक्षर आहे.
लेबल डब्याचं असतं, तो म्हणाला, आतल्याचं नसतं.
अनोळखी बाटलीतली दारू घेऊ नये. कुठलीच.
रुआरीने अकरा वर्षांत थेंब घेतलेला नाही.
मी हसले नाही.

मग पुस्तक आणलं, नवा डबा आणला, तराजू आणला,
इतका नाजूक
की आपल्याच श्वासाने काटा डुलतो.
चाळीस वर्षं मी लोकर हाताने पारखली,
अंगठा म्हणेल तो दर्जा, मेंढपाळ मान डोलवायचे.
इथे अंगठ्याला कुणी विचारत नाही.
पुस्तकात आहे तेच, नि तेवढंच.

पहिल्याचं तोंड मिटलं नाही.
दुसऱ्याचं मिटलं, पण कंबर बसली.
तिसरं उचललं तर छरे ओघळले,
टेबलाखाली, बुटात, कुत्रीच्या पाण्यात;
पाणी तीनदा बदललं.
नवव्याला सहाही पाकळ्या नीट मुरडल्या गेल्या.
ते मी उगाचच पुन्हा पुन्हा हातात घेऊन पाहिलं.

रविवारी मॉरवेन आली, चीज रोलचा डबा घेऊन.
रंगाच्या ड्रमवर बसली, यंत्राकडे पाठ करून.
ओढ, म्हणाली.
मी दांडा ओढला.
नाही. परत.
परत ओढला.
स्वयंपाकघरात मला दोन आवाज यायचे, ती म्हणाली,
एक खाली जाताना, एक अगदी तळाला.
तुझा एकच येतोय.
तू मधूनच परत फिरतेस.

मी तळापर्यंत गेले.
खट्, आणि मग, खोल कुठेतरी, दुसरं खट्.
तिने रोल उचलला, अर्धा खाल्ला,
उरलेला हातातच धरून बसली.
तिच्या पाठीकडे बघत मी आणखी बारा भरली.
आधीच्या तेरांचं काय करायचं
हे तेव्हा सुचलंच नाही.

शनिवारी रेंजवर वारा दक्षिणेचा, बोचरा.
पुल! तबकडी फुटली. पुल! दुसरी चुकली,
त्यात काडतुसाचा दोष नव्हता.
सोळा झाली.
सतराव्याला नुसतं फुस्स.
खांद्याला धक्का नाही, जणू बंदुकीने सुस्कारा टाकला.
थांब! रुआरी ओरडला, पण मी थांबलेच होते.
बंदूक मोडली, नळकांडं काढलं,
नळीतून पाहिलं: अंधार.
पांढरा प्लास्टिकचा कप मध्येच अडकून बसलेला.

हाच तो फुसका बार.
लोक ज्याच्यावर हसतात.
अठरावं घातलं असतं
तर हसायला कोण असतं माहीत नाही.

रुआरीने लाकडी काठी दिली.
कप गवतात पडला, पाठोपाठ थोडे छरे.
मी पुन्हा नळी डोळ्याला लावली.
दुसऱ्या टोकाला आभाळ,
नाण्याएवढं, राखाडी, स्वच्छ,
आणि त्यातून एक बदक, माझ्याकडे न बघता.

उरलेली आठ मी खिशातून काढून डब्यात ठेवली.
घरी जाऊन मोडायची.
कुठली एका आवाजाची, कुठली दोन,
बाहेरून सगळी सारखीच लाल.